दोन ठिपके

गिरेसूनच्या हेझलनट सहकारी संस्थेत
सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी
पैसे वाटायचे होते,
आणि नवा सर्व्हर एकच पालुपद धरून बसला:
‘किमलिक’ नावाचा कॉलम सापडत नाही.

होता की. मी टेबल उघडून पाहिलं.
चार हजार शेतकऱ्यांचे ओळख क्रमांक
शाळेच्या फोटोतल्यासारखे ओळीने बसलेले.
माझ्या लॅपटॉपवर तर सगळं चालतंय,
हे मी म्युझेय्येनबाईंसमोर एकदाच बोलले.
वजनकाट्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या,
मग लॅपटॉपच ठेव काउंटरवर.

मॅपिंगची फाइल वरून खाली वाचली, खालून वर वाचली.
क्लास एकवचनी, टेबल अनेकवचनी, जुळतंय.
अंडरस्कोर जागच्या जागी.
कंस मिटलेले, अवतरणं मिटलेली,
उघडं काही राहिलं असेल तर माझं तोंड.

फाइल तायफुरची. तो आता अंकाराला असतो.
सगळं कॅपिटलमध्ये लिहायची खोड,
जणू कॉलमांना कमी ऐकू येतं.
त्याने ज्याला ज्याला नाव ठेवलं
त्याला त्याला दुपारभर मी नावं ठेवली.

बाहेर धक्क्याजवळ ताडपत्र्यांवर पीक वाळत होतं.
दाताळ्यांचा आवाज, खरर, थांबून पुन्हा खरर,
समुद्रावर ढग, म्हणून सगळ्यांना घाई.
रांगेत पहिले सातलमशआजोबा.
त्यांच्या नावाचा अर्थ ‘विकलेला’.
आधीची तीन भावंडं गेली,
तेव्हा आईने यांना खोटंखोटं विकून टाकलं,
की मरण दारात आलंच
तर म्हणता यावं, हा आमचा नव्हे.
नावाने माणूस लपवता येतो
हे त्या बाईला ठाऊक होतं.

साडेचारला, काही सुचेना म्हणून,
एररमधला तो शब्द मी मोजायला घेतला.
अक्षरं सहा.
बाइट आठ.

पुन्हा मोजलं. आठच.

आमच्या भाषेत ‘इ’ दोन.
एकाच्या डोक्यावर ठिपका, दुसरा बोडका,
घशात मागे सरकून बोलायचा, अर्धवट गिळल्यासारखा.
सख्खे नव्हेत, नुसते शेजारी.
तायफुरने कॅपिटल लिहिताना ठिपके दिलेच नाहीत,
परदेशी कीबोर्डची सवय.
जुना सर्व्हर इंग्रजी वळणाचा,
अक्षर लहान करताना पदरचा ठिपका लावून द्यायचा,
अकरा वर्षं, कुणाला न सांगता.
नव्याला मात्र कुणीतरी तुर्की शिकवून पाठवलेलं.
त्याने व्याकरण पाळलं:
बोडक्याचं लहान रूप बोडकंच.
एवढ्या सगळ्यांत भाषा नीट येत होती ती त्याला एकट्याला,
आणि दिवसभर शिव्या खाल्ल्या त्यानेच.

एका ओळीचा उपाय होता:
अक्षरं लहान करताना कुठल्याच देशाचा होऊ नकोस, असं त्याला सांगायचं.
बोट कीबोर्डवर ठेवून मी थोडा वेळ बसले.
मग ते न करता
एकतीस कॉलमांची नावं हाताने लिहिली,
लहान लिपीत, जिथला ठिपका तिथे.
मूर्खपणा असेल. पाऊण तास गेला.
म्युझेय्येनबाईंनी दोनदा चहा पाठवला,
तिसऱ्यांदा नुसता रिकामा पेला.

सहाला पहिली पावती निघाली.
सातलमशआजोबांनी ती चष्म्यापाशी नेली,
मग लांब धरली.
छापणारं यंत्र वेगळं, त्याची सेटिंग वेगळी,
त्याने त्यांच्या दोन्ही बोडक्यांवर
ठिपके ठेवून दिले होते.

“नाव चुकलंय,” ते म्हणाले,
“वजन बरोबर आहे.”
आणि पावतीची घडी करून खिशात घातली,
पैसे मोजले, थुंकी लावून, एकदा, पुन्हा एकदा.

मी वहीत लिहिलं: उद्या, प्रिंटर.
त्यांच्या मागे अजून सत्तर माणसं होती.